सात नंबरचा फोन

"आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, मॅडम. कितीही बारीक असला तरी," असं म्हणून कंपनीच्या दवाखान्यातल्या नम्रतानं रूथबाईंच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि ती त्यांच्या पाठीमागच्या टेबलाशी जाऊन बसली.

रूथबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. हेडफोनमध्ये आधी एक जाडसर, खाडीतल्या बार्जच्या भोंग्यासारखा आवाज आला. त्यांनी बोट वर केलं. मग दुसरा, जरा वरच्या पट्टीतला. तोही आला. त्यानंतर काहीच येईना. त्या वाट बघत राहिल्या, आणि तेवढ्यात कपाटाच्या काचेत त्यांना नम्रता दिसली. ती यंत्राची चकती फिरवायची, अंगठ्यानं बटण दाबायची आणि दाबताना तिच्या भुवया आपसूक वर जायच्या.

रूथबाईंनी त्या भुवयांकडे पाहून बोट वर केलं. पुढच्या वेळी पुन्हा केलं. एकदा मुद्दाम केलं नाही.

"तुमचे कान तर कॉलेजातल्या मुलीसारखे आहेत हो!" हेडफोन काढून घेत नम्रता म्हणाली. "एवढी वर्षं फोनला कान लावून बसलात, तरी!"

रूथबाई हसल्या. बाहेर येऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या.

रोह्याजवळच्या धाटावला जी केमिकल कंपनी होती, तिच्या टेलिफोन बोर्डावर रूथबाई अष्टमकर तरुणपणापासून बसत आल्या होत्या. कंपनीत येणारा प्रत्येक फोन आणि एका प्लांटमधून दुसऱ्या प्लांटमध्ये जाणारी प्रत्येक हाक त्यांच्या हातून जायची. नवीन आलेले इंजिनिअर त्यांना आधी आवाजानं ओळखायचे आणि कधीतरी कँटीनमध्ये प्रत्यक्ष भेटल्यावर, "तुम्हीच का त्या?" म्हणून चकित व्हायचे, कारण आवाज भरदार होता आणि बाई लहानखुरी, चष्मा लावलेली, पन्नाशी ओलांडलेली होती. लग्न राहून गेलं होतं. आई लीया असेपर्यंत अष्टमीतल्या दोन खोल्यांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायला दोघी असायच्या. आता त्या एकट्याच लावायच्या. भाऊ एझ्रा इस्राएलला जाऊन जमाना झाला होता. आळीतली बाकीची ज्यू घरंही एकेक करून तिकडे गेली. एझ्रा दर फोनला म्हणायचा, "तूही ये." त्या म्हणायच्या, "माझी नोकरी आहे इथे." ते निमित्त नव्हतं. त्या खुर्चीत बसलं की त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

कान कधी जायला लागले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली आणि डाळ करपायला लागली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. माणसांचं बोलणं यायचं, पण त्यातली काही अक्षरं कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावीत तशी नाहीशी व्हायची. 'स' गेला, 'श' गेला. सावंत साहेबांचे आवंत साहेब झाले. पण रूथबाईंना सगळी माणसं, सगळ्यांच्या वेळा आणि सगळ्यांची कामं ठाऊक होती. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं ओळखायचं, असं त्यांनी निभावून नेलं.

मग शहाण्णव साली कंपनीत 'निरामय' हा आरोग्य प्रकल्प आला.

मुंबईच्या हेड ऑफिसचीच ती कल्पना. कँटीनचे वाढपी, गेटवरचे वॉचमन, ड्रायव्हर, टेलिफोन ऑपरेटर, म्हणजे ज्यांचा लोकांशी थेट संबंध येतो, त्यांचं मन आणि शरीर ठणठणीत राहिलं पाहिजे. शिफ्टच्या आधी हिरवळीवर प्राणायाम सुरू झाला. रूथबाईंच्या बोर्डावर एक छोटा आरसा चिकटवला गेला आणि त्याच्याखाली 'हसा! तुमचं हसू फोनवर ऐकू येतं' असं लिहिलं गेलं. उद्घाटनाला पर्सोनेल ऑफिसर धनेश कारखानीस गुलाबाचं फूल कोटाला लावून बोलले, "तपासणीला कुणीही घाबरायचं कारण नाही. हे तुमच्या भल्यासाठी आहे. यात कुणाचीही नोकरी जाणार नाही, हा माझा शब्द."

डोळ्यांची तपासणी आधी झाली. मेन गेटवरच्या विठू वॉचमनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्याला टाळ्यांच्या गजरात गुलाब दिला, ऑपरेशनची चिठ्ठी दिली, आणि महिना संपायच्या आत ठेकेदारानं त्याला घरी बसवलं. नोकरी कंपनीनं घेतली नव्हती, ठेकेदारानं घेतली होती. कारखानीसांचा शब्द तसा खराच राहिला. विठू पुढे अष्टमीच्या पुलाजवळ भाजलेल्या शेंगा विकायला बसायला लागला. रूथबाई बाजारात जाताना त्याच्याकडून शेंगा घ्यायच्या. त्यानं पुडी पुढे केली की ती घेताना त्यांना वाटायचं, आता कानांचीही तपासणी येईल.

आणि ती आली, तेव्हा त्यांनी कपाटाच्या काचेत पाहिलं.

श्रावणातली दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. बोर्डावरचा आतल्या लाइनचा दिवा लागला आणि रूथबाईंनी पिन घातली.

"बाई! आंबुलन धाडा! गॅस सुटलाय, प्रविण पडलाय आतमंदी!"

मागे भोंगा वाजत होता, माणसं ओरडत होती. आवाज कुणाचा ते त्यांना कळलं नाही. "कुठल्या प्लांटला?" त्यांनी विचारलं.

"आत नंबर! आत नंबर!" असं त्यांच्या कानावर पडलं.

"कुठला?"

पुन्हा तेच. आत, की आठ? रूथबाईंचा हात थबकला. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलंही. पण शेजारच्या टेबलावरचा टाइपिस्ट त्यांच्याकडे पाहत होता, आणि अलीकडे त्या फार वेळा 'काय?' म्हणतात असं तो परवाच सहज बोलून गेला होता. त्यांनी तोंड मिटलं. तेवढ्यात तिकडे रिसीव्हर आदळल्याचा आवाज झाला.

"आठ नंबर प्लांट, लवकर!" त्यांनी अँब्युलन्सच्या खोलीत सांगितलं.

आठ नंबर कंपनीच्या पार दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडे होता. गाडी तिथे गेली. तिथल्या लोकांना काहीच ठाऊक नव्हतं. गाडी वळून, नाला ओलांडून सात नंबरला पोचली तोवर प्रविण म्हात्रेला त्याच्या सोबत्यांनी तोंडाला ओली फडकी बांधून बाहेर ओढलं होतं. ऑक्सिजन होता तो गाडीतच. रोह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत प्रविण गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असता तर सांगता आलं असतं.

प्रविण पेणजवळच्या गडब गावचा. वय तिशीच्या आत. फोन करणारा काळुरामही गडबचाच, ठेकेदाराकडे हेल्पर. दोघं पेण लाइनच्या बसनं बरोबर यायचे. प्रविणला कामाला लावलं होतं तेही काळुरामनंच.

चौकशी झाली. लांब टेबलामागे तीन साहेब बसले होते. ड्रायव्हरनं सांगितलं, ऑपरेटरनं आठ सांगितलं. रूथबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आठ ऐकू आलं." हे उघड खोटं नव्हतं, पण कानांचं त्यांनी काही सांगितलं नाही.

मग काळुरामला आत बोलावलं. उंच, काटक माणूस, पण खुर्ची दिली तरी बसेना.

"तू फोनवर काय म्हणालास?"

"सात बोललो, सायब."

"नक्की? ऑपरेटर मॅडमना आठ ऐकू आलं. त्यांच्या कानांची तपासणी आत्ताच झालीय, कान उत्तम आहेत. गडबडीत तुझ्याच तोंडून आठ गेलं असेल."

काळुराम रूथबाईंकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. त्या आपल्याला खरं काय ते सांगतील, असं त्याला वाटत होतं. रूथबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी सातच बोललो असंन," तो चाचरत म्हणाला. मग म्हणाला, "का आठ बोललो? मना आता काय समजत नाय, सायब. तो समोर पडला व्हता."

समितीला एवढं पुरलं. काळुरामनं घाबरून चुकीची जागा सांगितली, असं ठरलं आणि ठेकेदारानं त्याला काढून टाकलं. 'निरामय'तर्फे सगळ्या ऑपरेटरांना आणि ड्रायव्हरांना आपत्तीच्या वेळी मन शांत कसं ठेवावं यावर एक व्याख्यान झालं. रूथबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वक्त्याचा निम्मा शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

गणपती झाले, दसरा झाला. कामावर फोन यायचे आणि रूथबाई पिना घालायच्या. आता त्या प्रत्येक आकडा दोनदा, तीनदा विचारायच्या आणि लोक वैतागायचे. एका सकाळी नम्रता बोर्डापाशी आली. ती पेणची, त्याच बसनं यायची.

"मॅडम, तो काळुराम आठवतो ना? फार वाईट चाललंय हो त्याचं. गावात कोणी बोलत नाही त्याच्याशी. प्रविणच्या घरच्यांनी तर दशक्रियेला त्याला घाटावरनं परत पाठवला. म्हणाले, तूच मारलास. आणि आता तोही म्हणत फिरतो म्हणे, व्हय, मीच मारला."

रूथबाईंनी हे सगळं तिच्या ओठांवरून वाचलं. एकही अक्षर चुकलं नाही.

त्याच दुपारी त्या कारखानीसांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेब, काळुराम सातच म्हणाला होता. मला ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं येत नाही. तपासणीत मी नम्रताकडे काचेत बघून बोटं वर केली."

कारखानीस माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी उठून दार लावलं, पाणी मागवलं.

"रूथबाई, बसा. तुमच्या मनाची काय अवस्था असेल ते मी समजू शकतो. एवढी मोठी घटना घडली की आपलंच चुकलं असं वाटायला लागतं."

"वाटत नाही, साहेब. चुकलंच आहे."

"तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तोच मी हेड ऑफिसला पाठवलाय. आता कुणी आपणहून म्हणणार, की तपासणी फसवी होती? मग बाकीच्या साठ-सत्तर लोकांच्या तपासण्यांचं काय? ज्या प्रकल्पावर कंपनी..." ते थांबले. "बरं, आपण नम्रतालाच विचारू."

नम्रता आली. प्रश्न ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या घरी अंथरुणावरची आई होती आणि ही नोकरी अजून कायम झाली नव्हती. तिनं रूथबाईंकडे न बघता सांगितलं, "मॅडमनी सगळे आवाज बरोबर ओळखले, सर."

"झालं तर मग," कारखानीस हळुवारपणे म्हणाले. "रूथबाई, 'निरामय'मध्ये समुपदेशनाची सोय आहे. दर गुरुवारी ठाण्याहून एक बाई येतात. तुमचं नाव मी घालतो. चार वेळा बसा त्यांच्यापुढे, बरं वाटेल."

नम्रतावर रूथबाईंना राग आला नाही. चौकशीच्या टेबलापुढे आपण वेगळं काय केलं होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस असायचा, सुट्टीही तेव्हाच. म्हणून सोमवारी रजा टाकून त्या पेणला कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. या खेपेस त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "बाई, तुम्ही काम काय करता?" त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन उचललं आणि रिपोर्टवर लिहिलं, 'दोन्ही कान अधू.'

तो रिपोर्ट कारखानीसांनी वाचला आणि परत दिला. "आत्ता आलं असेल हे. वयानंही येतं. त्या दिवशी नव्हतं, एवढं आपल्याकडे नक्की आहे."

त्या बोर्डावर परत आल्या. दिवा लागला. त्यांनी पिन घातली, पलीकडून कुणीतरी कुठलासा नंबर मागितला, आणि रूथबाईंना कळेना की तो सात आहे की आठ. आज नुसता साहेबांच्या चहाचा निरोप असेल, उद्या नसेल. त्यांनी डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, टाइपिस्टला म्हणाल्या, "जरा बघ रे इकडे," आणि राजीनामा लिहायला कागद मागितला. 'निरामय'नं त्यांच्या निरोप समारंभाची तयारी केली होती. त्या गेल्या नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी रूथबाई एस.टी.नं गडबला उतरल्या. कापणी आटपत आली होती. विचारत विचारत त्या एका खळ्यावर पोचल्या, तिथे काळुराम एकटाच भात झोडत होता. आजूबाजूच्या खळ्यांवर चार-चार, पाच-पाच माणसं एकमेकांच्या मदतीला होती. त्याच्या खळ्यावर फक्त त्याची आई काशीबाई पेंढा बाजूला करत होती.

त्यानं त्यांना ओळखलं आणि हातातली पेंढी खाली ठेवली.

"काळुराम," रूथबाई म्हणाल्या, "तू सातच म्हणाला होतास."

त्यानं आईकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही. मी ते लपवलं. तू सात म्हणालास, मला आठ वाटलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही."

काळुराम मटकन खाली बसला. "परत बोला," तो म्हणाला.

त्यांनी परत सांगितलं.

"परत बोला, बाई."

तिसऱ्यांदा सांगताना रूथबाईंचा तो भरदार आवाज फाटला. काशीबाई हातात पेंढा तसाच धरून रडायला लागली. पण काळुराम उठला तेव्हा त्याचा चेहरा रागानं काळाठिक्कर पडला होता.

"मंग तवा का नाय बोललात? मी तुमच्याकडं बघत व्हतो! तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो मी!"

"भ्याले."

"तुमी भ्यालात," तो म्हणाला. "मना वाटायला लागलं का माझीच जीभ सडकी. तीन म्हयने मी घरात बोलत नाय. आयला इचारा. पानी मांगायचं तरी वाटं, तोंडातनं भलतंच जाल."

रूथबाईंना यातलं अर्धंमुर्धं कळलं. उरलेलं त्यांनी ओळखलं नाही, विचारलं. "काय म्हणालास? पुन्हा सांग, मला ऐकू आलं नाही."

काळुरामनं त्यांच्याकडे पाहिलं. मग टॉवेलनं तोंड पुसून तो अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "हे दिपिका वयनीसमोर बोलशाल?"

"त्यासाठीच आलेय."

प्रविणचं घर हायवेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला होतं. वाटेत लोक दारांतून बघत होते. काळुराम पुढे, मागे पातळ सावरत अनोळखी बाई. अंगणाच्या कडेला काळुराम थांबला. "मी आत नाय येत," म्हणाला. "तिनं येऊ नको बोललंय."

प्रविणची बायको दिपिका ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. विशी-बाविशीची पोर. कपाळ मोकळं. शेजारी एक लहान मुलगी झोपली होती. रूथबाईंनी ओट्याच्या खालीच उभं राहून आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग जे घडलं ते सगळं सांगितलं. विठू वॉचमन सांगितला, काच सांगितली, तिसऱ्यांदा विचारायला उघडलेलं आणि मिटलेलं तोंड सांगितलं. "काळुरामचा काही दोष नाही, बाळ. त्यानं बरोबर सांगितलं. चुकलं ते माझं."

दिपिकानं मान वर केली नाही. तिची बोटं सुपात चालत राहिली. मग ती थांबली आणि दिपिका बोलायला लागली. खाली सुपाकडे तोंड करून, अगदी हळू, बराच वेळ. रूथबाईंना फक्त तिच्या मानेची शीर हललेली दिसत होती आणि डोक्यावरचा पदर. शिव्या देत होती की रडत होती, की क्षमा करत होती, काही कळत नव्हतं. त्या एक पाऊल पुढे झाल्या, कमरेत वाकल्या, तरी ओठ दिसेनात. पुन्हा सांग असं या पोरीला कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मधेच दिपिकानं हात उचलला आणि अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या काळुरामकडे केला. काळुरामनं मान खाली घातली. मग ती उठली, मुलीला खांद्यावर घेऊन आत गेली. दार तिनं लावलं नाही.

हायवेपर्यंत दोघं चालत आली. ट्रक धुरळा उडवत जात होते. स्टॉपवर आल्यावर रूथबाई काळुरामच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याचं तोंड दिसेल अशा.

"काय म्हणाली ती?"

काळुराम पेणच्या दिशेनं रस्त्याकडे बघत होता.

"काळुराम, ती काय म्हणाली? तू ऐकलंस ना?"

"आयकलं."

"मग सांग की."

"काय नाय, बाई," तो म्हणाला. "गाडी आली तुमची."

त्यानं हात करून रोह्याची गाडी थांबवली. त्यांची पिशवी आत ठेवली, पायरी उंच होती म्हणून कोपराला धरून त्यांना वर चढवलं. पायरीवरून वळून त्यांनी पुन्हा एकदा त्याच्याकडे पाहिलं. काळुरामनं नाही म्हणून मान हलवली आणि बाहेरून दार लावलं.